आमच्या वतीने जाता, तर जाण्याआधी विचारून जा

प्रति,
देशातल्या संशोधनाला सरकारी पैसा देणाऱ्या सर्व संस्थांचे प्रमुख,
नवी दिल्ली

महोदय, महोदया,

स.न.वि.वि.

मी चाळीसगावचा. एकतीस वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले आणि आता निवृत्त आहे. कुठल्याच राष्ट्रीय समितीवर कधी नव्हतो. संशोधनासाठी अर्ज मात्र चार वेळा केले. त्यातला एक मंजूर झाला आणि त्या पैशातून घेतलेला सूक्ष्मदर्शक आजही चालू आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पत्र चिडून लिहिले आहे असा समज होणार नाही. तक्रार एकच आहे. विज्ञानाचे नियम देशाबाहेर जिथे ठरतात तिथे आपण आमच्या नावाने जाता. जाताना आमचे म्हणणे काय आहे हे आमच्यापैकी कुणाला विचारले जात नाही, आणि परत आल्यावर काय ठरले ते आमच्यापर्यंत येते ते थेट अर्जाच्या नव्या रकान्यातून.

हे मला एका विद्यार्थ्यामुळे कळले. रावेर तालुक्यातला, घरची केळी. ज्यांनी आमचा केळीपट्टा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. रावेर, यावल, चोपडा म्हणजे सातपुडा आणि तापी यांच्या मधली जमीन. पावसाच्या तोंडावर लावतात ती मृगबाग, पाऊस सरताना लावतात ती कांदेबाग. वाण बहुतेक ठिकाणी एकच, ग्रँड नैन. ढगाळ हवा लांबली की मृगबागेतल्या कोवळ्या पानांवर पिवळट पट्टे उठतात, पोंगा सडतो, आणि बांधावर उभा शेतकरी म्हणतो, "हरण्या आला." पुस्तकात त्याला कुकुंबर मोझॅक व्हायरस म्हणतात. मावा तो पसरवतो. बांधावरच्या तणांत, शेजारच्या काकडी-टोमॅटोत तो मुक्काम ठोकून असतो. रोग लागलेल्या झाडाला औषध नाही. उपटायचे आणि बागेपासून लांब नेऊन टाकायचे. एकेका बागेत शेकडो रोपे उपटताना मी पाहिली आहेत, आणि त्या वेळी बोलायला काही सुचत नाही.

हा मुलगा तीन मृगबागा बांध तुडवत हिंडला. उन्हाळ्यात बागेत मावा नसतो, पाऊसही नसतो, मग विषाणू नेमक्या कोणत्या तणात तग धरून राहतो, एवढाच त्याचा प्रश्न होता. वह्या भरल्या, नमुने जमवले, अर्ज केला. अर्ज परत आला. शेऱ्याचा आशय असा की विषय स्थानिक स्वरूपाचा आहे, आंतरराष्ट्रीय प्राधान्यक्रमाशी त्याचा संबंध स्पष्ट होत नाही. शेरा कोणत्या संस्थेचा, ते लिहीत नाही. तो कुठल्याही संस्थेचा असू शकला असता. पुढे त्याने आहे त्या नोंदींवर शोधनिबंध लिहिला. एका परदेशी नियतकालिकाने तो स्वीकारला आणि छापण्याची फी कळवली. फीचा आकडा त्याच्या वर्षभराच्या शिष्यवृत्तीपेक्षा मोठा होता. आता तो कीटकनाशकांच्या कंपनीत आहे, मोटारसायकलवर दुकाने फिरतो.

आंतरराष्ट्रीय प्राधान्यक्रम. हे दोन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. भारत जगात सर्वांत जास्त केळी पिकवतो, जगाच्या उत्पादनाचा साधारण चौथा हिस्सा. बाहेर मात्र आपण त्यातली थोडीच पाठवतो. २०१९ मध्ये कोलंबियात टीआर-४ ही मर रोगाची बुरशी सापडली आणि केळीच्या जगाची झोप उडाली. उडायलाच हवी होती. ती बुरशी आपल्या बिहारात आणि उत्तर प्रदेशातही आहे, आणि ती रावेरला पोहोचली तर काय, हा विचारही नको वाटतो. तरीपण टीआर-४ जागतिक आणि हरण्या स्थानिक, ही वाटणी कुणी केली? मला दिसते ते असे: जी केळी जहाजातून जाते तिचा रोग जागतिक, जी ट्रकमध्ये भरून दिल्लीच्या मंडीत जाते तिचा स्थानिक.

निवृत्त मास्तराकडे वेळ भरपूर असतो. हे प्राधान्य नेमके कुठे ठरते ते शोधत बसलो. आधी वाटायचे, संयुक्त राष्ट्रांत ठरत असेल, मंत्री सह्या करत असतील. काही गोष्टी तशा होतातही. युनेस्कोची मुक्त विज्ञानाची शिफारस २०२१ मध्ये सदस्य देशांनी स्वीकारली ती याच रीतीने. पण रोजच्या कामाला बांधणारे नियम दुसऱ्याच खोलीत शिजतात. त्या खोलीत मंत्री फारसे नसतात. तिथे आपण असता, आणि आपल्यासारख्या इतर देशांच्या निधीसंस्थांचे प्रमुख असतात.

युरोपाची गोष्ट यासाठी बघण्यासारखी आहे. तिथे ब्रसेल्स, म्हणजे युरोपीय संघ, सगळे ठरवते असे आपल्याकडे समजतात. पण संशोधनावरच्या सरकारी पैशाचा मोठा भाग तिथेही राष्ट्रीय संस्थांच्याच हातात असतो, आणि या संस्थांनी ब्रसेल्सची वाट पाहिली नाही. १९७४ मध्ये स्ट्रासबर्गला युरोपियन सायन्स फाउंडेशन निघाले ते त्यांच्याच एकीतून. पुढे या निधीसंस्थांच्या प्रमुखांचे युरोहॉर्क्स नावाचे मंडळ झाले. कायद्याने त्याला कसलाही अधिकार नव्हता. पण एका टोपलीत हात घालणारे सगळे एकत्र बसले की कायद्याची गरजही फारशी उरत नाही. संशोधक देश बदलून गेला तर त्याच्या चालू प्रकल्पाचा पैसा त्याच्याबरोबर जाऊ द्यायचा, हे त्यांनी आपसांत ठरवले. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या संस्थांनी तर त्याहून पुढची गोष्ट केली: तिन्ही देशांतल्या लोकांचा मिळून प्रकल्प असेल तर अर्ज एकाच ठिकाणी करायचा, परीक्षण एकाच संस्थेने करायचे आणि बाकीच्या दोघींनी तो निकाल मानायचा. दुसऱ्या देशाच्या परीक्षकावर आपला पैसा सोडायचा म्हणजे केवढा विश्वास लागतो, याचा विचार करा. आपल्याकडे एका विद्यापीठाची पात्रता दुसरे विद्यापीठ मुकाट्याने मान्य करत नाही.

संशोधनाला साऱ्या युरोपासाठी पैसा देणारी युरोपियन रिसर्च कौन्सिल २००७ मध्ये उभी राहिली. आज तिचे नाव सगळे घेतात, पण अशी परिषद हवी म्हणून युरोपियन सायन्स फाउंडेशन त्याआधी काही वर्षे कागद रंगवत होते. २०११ मध्ये युरोहॉर्क्स आवरते घेऊन या संस्थांनी ब्रसेल्समध्ये सायन्स युरोप ही संघटना काढली. बिऱ्हाड मुद्दाम ब्रसेल्सला केले, जिथे धोरण लिहिले जाते तिथेच. संशोधकाचे मूल्यमापन नुसत्या निबंधांच्या आकड्यांवर करू नये, असा जो करार २०२२ मध्ये युरोपात झाला, त्याचा मसुदा करणाऱ्यांत युरोपियन कमिशन आणि विद्यापीठांच्या संघटनेच्या शेजारी हीच सायन्स युरोप होती.

आता त्या छपाईच्या फीकडे येतो. ४ सप्टेंबर २०१८ रोजी अकरा राष्ट्रीय निधीसंस्थांनी प्लॅन एस जाहीर केला. आमच्या पैशाने झालेले संशोधन प्रसिद्ध होताक्षणी कुणालाही फुकट वाचता आले पाहिजे, ही त्यातली मुख्य अट. सायन्स युरोप त्याच्या मागे उभी होती, युरोपियन कमिशनचा आशीर्वाद होता. हेतूला नाव ठेवायला जागा नाही. निबंध वाचायला मिळत नाही म्हणून मी स्वतः कित्येकदा मुंबईच्या मित्रांना फोन केलेले आहेत. आणि प्लॅनने एकच वाट सांगितली होती असेही नाही. पण प्रकाशकांनी त्यातली स्वतःच्या सोयीची वाट धरली. वाचणाऱ्याकडून घेत होते ते लिहिणाऱ्याकडून घेऊ लागले. नेचर या नियतकालिकाने २०२१ पासून मुक्त प्रसिद्धीचा दर ९,५०० युरो ठेवला, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने आठ लाखांवर रुपये. माझ्या विद्यार्थ्याकडे मागितलेली रक्कम याच्या पासंगालाही पुरणारी नव्हती. त्याला तीही परवडली नाही.

प्लॅन एसच्या गोष्टीतला दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तो जाहीर झाल्यावर हजारावर संशोधकांनी खुल्या पत्रावर सह्या करून विरोध केला. मग निधीसंस्थांनी अंमलबजावणीचा मसुदा सगळ्यांसमोर ठेवला, हरकती मागवल्या, सहाशेच्या वर प्रतिसाद आले, आणि मे २०१९ मध्ये सुधारलेले नियम आले. मुदत २०२० वरून २०२१ वर गेली. विचारले, लोक बोलले, नियम हलला.

त्याच काळात आपल्याकडे काय चालले होते? फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रधान वैज्ञानिक सल्लागारांनी जाहीर केले की भारत प्लॅन एसमध्ये जाणार. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कळले की जाणार नाही, आपण आपली वेगळी वाट काढणार. न जाण्याचा निर्णय मला तरी बरोबर वाटतो. मधल्या आठ महिन्यांत दिल्लीत जी चर्चा झाली असेल ती असो. आमच्या स्टाफरूममध्ये तिची झुळूकही आली नाही. वेगळ्या वाटेचे फळ म्हणजे वन नेशन वन सबस्क्रिप्शन: वर्गणी केंद्राने एकदाच भरायची आणि संस्थांना नियतकालिके वाचायला मिळायची. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केले, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० च्या आसपास संस्था. योजना आखली ती सरकारी संस्थांसाठी. खानदेशातली बरीचशी महाविद्यालये खासगी शिक्षण संस्था चालवतात, हे सांगायला त्या वेळी कुणीतरी तिथे असायला हवे होते.

जगभरातल्या निधीसंस्थांचे प्रमुख २०१२ पासून ग्लोबल रिसर्च कौन्सिल या नावाने दरवर्षी एकत्र बसतात. पहिली बैठक अमेरिकेत झाली, आणि २०१६ च्या मे महिन्यातली आपल्या नवी दिल्लीत. यजमान होते आपले एसईआरबी, म्हणजे संशोधनाला पैसा देणारे केंद्राचे मंडळ, आणि ब्रिटनच्या संशोधन परिषदा. विषय होते आंतरविद्याशाखीय संशोधन आणि संशोधनातले स्त्रियांचे स्थान. दोन्ही चांगले. तेव्हा मी नोकरीत होतो. आमच्या विभागातल्या पाच प्राध्यापकांपैकी तीन स्त्रिया होत्या. त्यांतल्या एकीने बाळंतपणानंतर पीएच.डी. सोडली, कारण जळगावला रोज जाऊन-येऊन तीन-चार तास मोडत होते. तिला विचारले असते तर त्या ठरावात काही भर पडली असती.

या बैठकांत जे संमत होते ते तत्त्वांचे निवेदन असते आणि ते कुणावर बंधनकारक नसते. २०१२ मध्ये गुणवत्ता-परीक्षणाची तत्त्वे आली, २०१३ मध्ये बर्लिनला संशोधनातल्या प्रामाणिकपणाची. आणि खरी मेख इथेच आहे. निवेदन घेऊन प्रत्येक प्रमुख आपल्या देशात परततो. वर्ष-दोन वर्षांत त्यातले एखादे वाक्य अर्जाच्या नमुन्यात रकाना होऊन बसते: जागतिक संदर्भ काय, परदेशी सहकारी कोण, विदा (डेटा) कुठे खुली ठेवणार. रकाना रिकामा राहिला की अर्ज मागे पडतो. तिथे ज्याचे बंधन कुणावर नव्हते ते इथे माझ्या विद्यार्थ्यावर पडते. कुठल्या संसदेने ते मंजूर केलेले नसते, म्हणून त्यावर प्रश्नही विचारता येत नाही.

बाकीच्या बैठकांचीही हीच रीत असावी. ब्रिक्स देशांचे संयुक्त प्रकल्प आहेत, त्यात आपला विज्ञान व तंत्रज्ञान विभाग असतो. हवामान आणि पर्यावरणाच्या संशोधनाला मिळून पैसा देणाऱ्या बेल्मॉन्ट फोरममध्ये पृथ्वी विज्ञान मंत्रालय आहे. दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांसाठी २००९ मध्ये निधीसंस्थांची जी जागतिक आघाडी झाली तिच्या संस्थापकांत आपली वैद्यकीय संशोधन परिषद, आयसीएमआर, आहे. म्हणजे आपल्याला कुणी आत घेत नाही अशी स्थिती मुळीच नाही. खुर्ची मिळालेली आहे.

नंदुरबारचे एक उदाहरण देतो. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्राने त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ हे लक्ष्य. त्याच वर्षअखेर ब्रिटन आणि अमेरिकेने सिकलसेलवरच्या पहिल्या जनुक-संपादन उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. शास्त्र म्हणून तो चमत्कारच आहे, मी वर्गात शिकवला असता तर हात थरथरले असते. पण पाड्यावरच्या मुलीला हायड्रॉक्सियुरियाची गोळी दर महिन्याला वेळेवर मिळते का, पावसाळ्यात रस्ता तुटल्यावर कोण पोहोचवते, भारतीय रुग्णांत आजाराचे रूप आफ्रिकेतल्यापेक्षा बरेचदा वेगळे दिसते तर मात्रा कशी ठरवायची, हे प्रश्नही संशोधनाचेच आहेत. जागतिक यादीत ते तेव्हाच चढतील जेव्हा तिथे बसलेला आपला माणूस ते चढवील. आणि तो चढवील कधी? त्याला ते माहीत असतील तेव्हा.

माझ्या मोठ्या भावाला हे सगळे सांगत होतो. तो शेती करतो, अहिराणीशिवाय बोलत नाही. सगळे ऐकून घेऊन त्याने एवढेच विचारले, "तठे आपलं कोन शे?" तिथे आपले कोण आहे? मी तुमचे नाव सांगितले. तो हसला.

इथून जवळ पाटणादेवीला एक शिलालेख आहे. आपल्यापैकी कुणी अजिंठ्याला आलात तर वाकडी वाट करून जरूर बघा. इ.स. १२०७ मधला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेला ज्योतिषी, याने आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून पाटणला मठ काढला. मठाला निकुंभ राजांनी देणग्या दिल्या, त्यांची ही नोंद. आजच्या भाषेत, संशोधन संस्था आणि तिचे अनुदान. लेख संस्कृतात सुरू होतो, वंशावळी, स्तुती, सगळे थाटात. आणि पैशाच्या गोष्टीवर येताच तो मराठीत उतरतो: बाजारात उघडलेल्या मालावरचा जो कर राजाकडे जायचा तो मठाला दिला, घाण्यामागे पळी-पळी तेल दिले. मला वाटते, ही भाषा चुकून बदललेली नाही. ज्या तेल्याच्या घाण्यावरून ते तेल जाणार होते त्याला कळले पाहिजे होते की ते कुठे आणि कशासाठी जाते. आठशे वर्षांपूर्वी, आणि दगडावर.

आपली निवेदने मी वाचली ती सगळी इंग्रजीत. तेल मात्र अजून आमच्याच घाण्यावरून जाते.

एएनआरएफ, म्हणजे संशोधनाला पैसा देणारे नवे राष्ट्रीय प्रतिष्ठान, त्याचा कायदा २०२३ मध्ये झाला, फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला, एसईआरबी त्यात विलीन झाले. पाच वर्षांत ५०,००० कोटींचा संकल्प, त्यातले १४,००० कोटी केंद्राचे. त्यांच्या पेअर योजनेत मोठी नामांकित संस्था मधोमध आणि राज्य विद्यापीठांसारख्या संस्था भोवती, चाकासारखी रचना आहे. कल्पना चांगली. मी बैलगाडीच्या घरात वाढलो, म्हणून एक सांगतो. चाकाचा तुंबा, म्हणजे मधला गाभा, कितीही भक्कम असू द्या, खड्डा पहिल्यांदा कळतो तो बाहेरच्या लोखंडी धावेला आणि मग आऱ्यांना. रस्ता कसा आहे हे तुंब्याला विचारून चालत नाही.

तर मागणे काय? ग्लोबल रिसर्च कौन्सिल असो की ब्रिक्स, पुढच्या बैठकीला जाण्याआधी दोन महिने विषयपत्रिका आणि त्यावर आपण काय म्हणणार आहात त्याचा मसुदा जाहीर करा, भारतीय भाषांत करा, आणि उत्तरे मागवा. बहुतेक उत्तरे निरुपयोगी येतील, हे मला माहीत आहे. मी एकतीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. शंभरात चार कामाची निघतात आणि तेवढी पुरतात. शिष्टमंडळात एक माणूस राज्य विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातला घ्या, पाळीपाळीने. या वर्षी ईशान्येतला, पुढच्या वर्षी बुंदेलखंडातला, कधीतरी आमच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातला. तो बैठकीत बोलला नाही तरी चालेल, परत येऊन सांगेल. आणि परत आल्यावर एक पान लिहा: संमत झालेल्या निवेदनात भारताने घातलेले वाक्य कोणते, भारताने कशाला नाही म्हटले, आणि यातले काय आता अर्जाच्या नमुन्यात येणार आहे.

स्थानिक या शब्दाबद्दलही एकदा बसून बोला. परीक्षकाला तो शेरा लिहिण्याची मुभा असावी का? असेल तर त्याने सोबत हेही लिहावे की हा विषय जागतिक नाही असे कोणत्या बैठकीत, कुणी ठरवले.

भाषांतराला माणसे मिळत नाहीत ही अडचण सांगितली जाईल, म्हणून आधीच कळवतो. पुढच्या बैठकीची कागदपत्रे पाठवा, मराठी मी करून देतो. मानधन नको. त्या मुलाच्या तीन मृगबागांच्या वह्याही माझ्याकडे आहेत, कपाटात, डांबराच्या गोळ्या घालून ठेवल्या आहेत. कुणाला हव्या असतील तर त्याही पाठवीन.

आपला,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक
चाळीसगाव, जि. जळगाव